ज्याने लिहिलं त्याने पुसायचं

मंगळवार, ४ मार्च

प्रिय बारक्या,

अनेक आशीर्वाद. तू खुशाल असशील, भावजय आणि भाचीही मजेत असतील असं धरून चालते. मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण मीही त्याच्यावर कुरकुरते, त्यामुळे आमची फिटंफाट.

पाकिटावरचं अक्षर बघून दचकला असशील. इंटरनेटचा कायदा करणाऱ्या माणसाला इंटरनेटचं दुकान चालवलेल्या बाईने पोस्टाने पत्र पाठवावं, हे हसण्यासारखं आहे खरं. पण तुझ्या कचेरीच्या पत्त्यावर मेल केला असता तर आधी तुझ्या कारकुनाने वाचला असता. आणि फोनवर आपण दोघं हवामानापलीकडे जात नाही. एकोणीस वर्षांत आपण ऊनपावसाचं इतकं बोललोय की वेधशाळेने दोघांना नोकरीला ठेवायला हरकत नव्हती.

पेपरात तुझा फोटो पाहिला. समितीचा सचिव! वरच्या मजल्यावरचे दातवाले डॉक्टर स्वतः जिना उतरून पेपर घेऊन आले. म्हणाले, "तुमचा बारक्या आता सगळ्या जगाच्या तोंडाला कुलूप लावणार म्हणे." मी म्हटलं, "तुम्ही जन्मभर लोकांना तोंडं उघडायला लावलीत, तो मिटायला लावतोय. चालू द्या दोघांचं." ते गेल्यावर मात्र फोटो खिडकीपाशी नेऊन नीट पाहिला. किती पांढरे झाले रे केस तुझे. कपाळ तर थेट आईचं.

आपल्या दोन खोल्या अजून आहेत तशाच आहेत. आठातली सहा यंत्रं भंगारात गेली. उरलेल्या दोनावर मी लोकांचे फॉर्म भरून देते, झेरॉक्स काढून देते, पोट भरतं. प्लायवूडचे आडोसे काढायचा धीर झाला नाही. पाच नंबरच्या आडोशात कुणीतरी पेनाने आगगाडी काढून ठेवली होती आणि तू दिवसभर चरफडत होतास, आठवतं? तिला नंतर कुणीतरी आणखी चार डबे जोडलेत.

मोडेम लागताना जो किंचाळायचा तो आवाज परवा एका पोराने मोबाइलवर ऐकवला. गंमत म्हणून. मी तिथेच खुर्ची ओढून बसले. आई काउंटरवर बसून नंबराचे बिल्ले वाटतेय आणि म्हणतेय, "अरे, त्याला आधी कुणीतरी पाणी पाजा," असं अगदी कानात ऐकू आलं. आणि शिंपीकाका! मेल पाठवून झाला तरी पाच मिनिटं पडद्यासमोर हात जोडल्यासारखे बसून राहायचे. का, तर मध्येच उठलो आणि अर्ध्या वाटेत अडकला तर? तू त्यांना किती समजावलंस. शेवटी तूच कंटाळून म्हणू लागलास, "बसा काका, आत्ताच समुद्र ओलांडतोय."

आणि फळा. दाराबाहेर सुताराकडून करून घेतलेला साधा लाकडी फळा. "आज लाइन बंद आहे" एवढंच लिहायला. पण लोकांना मोकळी जागा दिसली की राहवतं का? खोली भाड्याने देणे आहे, पिवळा कुत्रा हरवला आहे, कुणी शिकवणी घेईल का. मग एकाने दुसऱ्याचं पुसून आपलं लिहिलं आणि भर रस्त्यात दोघांची जुंपली. तेव्हा आई उठून बाहेर आली, हातात शिवणाची सुई तशीच, आणि तिने निकाल दिला: ज्याने लिहिलं त्याने पुसायचं. दुसऱ्याच्या लिहिण्याला हात लावायचा नाही. पटलं नाही तर खाली आपलं लिहायचं. संपलं! दोन इयत्ता शिकलेली बाई, पण एका वाक्यात कायदा करून मोकळी झाली. तुम्ही समितीवाले चौऱ्याऐंशी पानं घेता.

पुढे तू तसाच फळा इंटरनेटवर काढलास आणि त्यालाही तोच नियम लावलास. मजकूर लिहिताना प्रत्येकाने एक परवलीचा शब्द द्यायचा, आणि तो शब्द माहीत असणाऱ्यालाच मजकूर पुसता येणार. "मालकांनासुद्धा पुसता येणार नाही असं बांधलंय, ताई," असं छाती फुगवून सांगायचास. टाइप न येणाऱ्यांसाठी पडद्यावर अक्षरांचा तक्ता काढलास, एकेका अक्षरावर टिचकी मारायची. सगळं गाव त्या तक्त्यावर बोट आपटायला शिकलं.

ती नर्सबाई तुला आठवते का? तिने नाव न घालता लिहिलं होतं, दवाखान्यात सुया उकळून पुन्हा वापरतात म्हणून. दवाखान्याचे मोठे साहेब तावातावाने आले, "हे आत्ताच्या आत्ता काढा!" तू चोवीस वर्षांचा, लुकडा, आवाज कापत होता तरी म्हणालास, "साहेब, ज्याने लिहिलं त्याने पुसायचं. तुम्ही खाली उत्तर लिहा, मी तक्ता दाखवतो." त्या महिन्यात सुया बदलल्या. त्या दिवशी मला तुझा जेवढा अभिमान वाटला, तेवढा तुझा पेपरातला फोटो पाहूनही वाटला नाही. राग मानू नकोस.

आता कामाचं. लहान संकेतस्थळं चालवणाऱ्यांची एक संघटना आहे. त्यांची दोन पोरं आली होती. एकवीस तारखेला तुझ्या समितीपुढे जाहीर सुनावणी आहे, तिथे मी कायद्याच्या विरोधात बोलावं म्हणतात. "फळा चालवणाऱ्या ताई" म्हणून. त्यांनी तुझा मसुदा ठेवून दिला, तो मी दोनदा वाचला. तक्रार आली की सहा तासांत मजकूर काढायचा, आणि लिहिणाऱ्या प्रत्येकाची ओळख चालकाने नोंदवून ठेवायची. नाही काढला, नाही नोंदवली, तर शिक्षा. बारक्या, यात त्या नर्सबाईचं काय झालं असतं सांग. साहेबांनी सहा तास कशाला, सहा मिनिटांत पुसून घेतलं असतं आणि दुसऱ्या दिवशी तिला घरी बसवलं असतं. एकाने गुन्हा केला म्हणून सगळ्यांच्या हातातला खडू काढून घ्यायचा, हे चोर सोडून संन्याशाला फाशी झालं. असं मला वाटतं. म्हणजे, वाटायचं.

मसुद्याच्या सुरुवातीला तू एका लहान गावातल्या औषधविक्रेत्याची गोष्ट घातली आहेस. नाव नाही घातलंस, पण मला कशाला नाव लागतंय. चांगली लिहिली आहेस. त्याबद्दल पुन्हा कधीतरी.

अजून त्या पोरांना हो म्हटलेलं नाही. तुला आधी सांगावं म्हणून लिहिते आहे. तुझ्या तोंडावर तुझ्याविरुद्ध बोलायचं तर तुला निदान ठाऊक असलेलं बरं.

भाची किती उंच झाली? तिला म्हणावं, आत्याला एखादा फोटो पाठव. हवामानाचा नको.

तुझी
ताई

मंगळवार, ११ मार्च

प्रिय बारक्या,

आशीर्वाद. तुझं पत्र काल मिळालं. साडेचार ओळी! लहानपणी निबंधाच्या वहीत आठ पानं भरायचास आणि बाई कंटाळायच्या. सरकारने तुझी शाई पण कापली वाटतं.

पण त्या साडेचार ओळी मी किती वेळा वाचल्या ते विचारू नकोस. "ताई, संघटनेकडून येऊ नकोस. माझ्याकडून ये. औषधवाल्या काकांचं काय झालं ते तू डोळ्यांनी पाहिलंस, तेवढंच सांग. लिहिणाऱ्याला मी तेव्हाच शोधलं असतं, तू अडवलंस. ते मी विसरलेलो नाही, पण धरूनही बसलेलो नाही. ये."

ये म्हणालास. एकोणीस वर्षांनी.

चांगली बातमी आधी देते. दातवाल्या डॉक्टरांची मुलगी आता त्यांच्याच खुर्चीत बसून दात काढते, आणि डॉक्टर खाली माझ्या दुकानात येऊन माझं डोकं खातात. परवा कुणाचा तरी फॉर्म भरताना मी जन्मतारीख चुकवली. पहिल्यांदाच चुकली असं नाही. हल्ली चष्मा लावूनही चुकते. तेव्हा चष्माच नव्हता.

काकांबद्दल लिही म्हणतोस. तुला सगळं ठाऊक आहे, तरी लिहिते, म्हणजे मलाच नीट लावता येईल.

चौकातलं औषधाचं दुकान. एकतीस वर्षं काका तिथे उभे. उभेच, त्यांना खुर्चीत बसलेलं मी पाहिलंच नाही. रोज दुपारी दुकान मिटलं की आपल्याकडे यायचे, तीन नंबरचा बिल्ला घ्यायचे आणि मुलीला मेल लिहायचे. आईशी त्यांचं मेतकूट होतं. तिच्या रक्तदाबाच्या गोळ्यांवर कधी किती घ्यायची ते मोठ्या अक्षरात लिहून द्यायचे, कारण तिला बारीक वाचता यायचं नाही. त्या आठवड्यात आई न्हाणीघरात पडली होती आणि तू परीक्षेसाठी बाहेरगावी होतास. परत आलास तोवर ती घरी आली होती. फळ्यावर तो मजकूर आधीच लागला होता.

"चौकातल्या औषधाच्या दुकानात मुदत संपलेल्या गोळ्या देतात. आमच्या घरचं माणूस मरता मरता वाचलं. सावध राहा. एक गिऱ्हाईक."

एवढंच. तीन वाक्यं आणि एक सही. पण लोकांना काय, उचलली जीभ लावली टाळ्याला. खाली एकाने लिहिलं की त्याच्याही मुलाला उलट्या झाल्या होत्या. दुसऱ्याने लिहिलं की दुकानदार पहिल्यापासूनच तसला. तिसऱ्या दिवशी दुकानाची पाटी कुणीतरी दगड मारून फोडली. तपासणीला माणसं आली, सगळी कपाटं उपसली, एकही जुनी गोळी सापडली नाही. तर लोक म्हणाले, आधीच हलवली असणार! सापडली असती तर चोर, नाही सापडली तर महाचोर.

एक गोष्ट तुला माहीत नाही. चौथ्या दिवशी दुपारी काका आले. तू आत एक यंत्र उघडून बसला होतास, तुला ऐकू गेलं नसावं. रोजच्यासारखा तीन नंबरचा बिल्ला घेतला नाही. काउंटरवर हात टेकून उभे राहिले आणि हळू आवाजात म्हणाले, "ताई, तेवढं पुसता येईल का?"

मी त्यांना नियम सांगितला. ज्याने लिहिलं त्याने पुसायचं, आम्हाला हात लावता येत नाही, तुम्ही खाली उत्तर लिहा. अगदी तू मोठ्या साहेबांना सांगितलास तसाच, शब्दाला शब्द. ते ऐकून घेत होते. मग म्हणाले, "नियम चांगला आहे तुमचा. फक्त त्या लिहिणाऱ्याला कधी निरोप देता आला तर द्या. म्हणावं, एकदा ती गोळ्यांची पट्टी घेऊन दुकानात ये. आपण बघू कुठे चुकलं. मी रागावणार नाही."

मग तीन नंबरवर बसून त्यांनी तक्त्यावर एकेक टिचकी मारत उत्तर लिहिलं. पाऊण तास लागला त्यांना. मी काउंटरवरून त्यांची पाठ बघत होते.

तुझी चिडचीड तर मी कशी विसरेन. "मी मागल्या दाराने शिरतो, पुसून टाकतो, खड्ड्यात गेला नियम." मी आडवी आले. मग म्हणालास, "पुसत नाही, पण कोण आहे ते बघतो. कुठल्या यंत्रावरून लिहिलं, कधी लिहिलं, नोंद असते." त्यालाही मी नाही म्हटलं. आज एकाचं बघशील, उद्या नर्सबाईचं बघायला लावतील, म्हातारी मेल्याचं दुःख नाही पण काळ सोकावतो. काय काय बोलले. नवव्या दिवशी सकाळी तू वायरच उपटलीस. सगळा फळाच बंद. "ताई, तुला माणसापेक्षा नियम मोठा," असं म्हणालास आणि महिन्याभरात नोकरी धरून निघून गेलास. आई गेली तेव्हा दोन दिवस आलास, तेही पाहुण्यासारखा.

काकांनी त्याच वर्षी दुकान विकलं आणि मुलीकडे राहायला गेले. तिथे पाच वर्षांनी वारले, हे तुलाही कळलं असेल.

दुकानात गिऱ्हाईक आलंय, फोटोकॉपी हवी आहे म्हणतं. थांबते. सुनावणीला मी येईन. कुणाच्या बाजूने ते आत्ता विचारू नकोस. खरंच विचारू नकोस.

तुझी
ताई

शनिवार, १५ मार्च

बारक्या,

आज खुशाली विचारत नाही. मागचं पत्र गिऱ्हाईक आलं म्हणून थांबवलं असं लिहिलं, ते खोटं होतं. दुकानात कुणी नव्हतं.

फळ्यावरचा तो मजकूर मी लिहिला होता.

बस खाली. पाणी पी. मग पुढचं वाच.

आईचा पाय घसरला नव्हता. तिला चक्कर आली होती. तुला मी पाय घसरला असं सांगितलं, आईलाही तेच सांगायला लावलं. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कुठल्या गोळ्या चालू आहेत. मी तिच्या डबीतली पट्टी काढून दाखवली. त्यांनी उजेडात धरली आणि म्हणाले, "अहो, हिची मुदत संपून वर्ष झालंय. कुठल्या दुकानातून आणली?" माझ्या डोक्यात तिडीक गेली. आईचे कपडे आणायला घरी निघाले होते, ती मध्येच आपल्या दुकानात शिरले. भर दुपार होती, दुकान त्या दिवशी बंदच होतं, किल्ली फक्त माझ्याकडे. पाच नंबरवर बसले आणि लिहून टाकलं. सही "एक गिऱ्हाईक" अशी केली, कारण फळा चालवणारीनेच असं लिहिलेलं बरं दिसेना. तेवढा शहाणपणा होता बघ!

दुसऱ्या दिवशी पर्समध्ये रुमाल शोधताना कागदाची पुडी हाताला लागली. काकांकडून त्याच आठवड्यात आणलेल्या गोळ्या. पुडीवर त्यांचं मोठं अक्षर, "सकाळी एक." टाचणीसुद्धा काढलेली नव्हती. आईची डबी मी भरली होती, बारक्या. घाईघाईत, कपाटाच्या खणात पडलेली जुनी पट्टी घालून, तारीख न वाचता. मी म्हणजे मी. दुसरं कुणी नाही.

त्या क्षणी पुसता आलं असतं. दुसराच दिवस होता, अजून पाटी फुटली नव्हती. का नाही पुसलं? कारणं शोधायला गेलं की ढीगभर सापडतात. पुसलं की त्या जागी "लिहिणाऱ्याने पुसलं" अशी ओळ वेळेसकट उमटायची, आणि सकाळी दुकानात मी एकटीच असते हे तुला ठाऊक होतं. दुसऱ्या गावी जाऊन पुसता आलं असतं की! तेही सुचलं होतं. खरं सांगू? पुसलं म्हणजे मला स्वतःशी मान्य करावं लागलं असतं की आईला मी पाडलं. ते नको होतं. मग दुसरा गेला, तिसरा गेला, पाटी फुटली, आणि त्यानंतर तर तोंडच राहिलं नाही.

म्हणून मी नियमाचा झेंडा उचलला. किती भाषणं ठोकली मी तुझ्यापुढे! त्यातलं खोटं काहीच नव्हतं, हेच वाईट. नर्सबाईचं खरं होतं, काळ सोकावतो तेही खरं. खऱ्या गोष्टींच्या मागे लपले. आणि तू नोंद बघायला निघालास तेव्हा मी म्हटलं, "बारक्या, तुला माझी शपथ." एका टिचकीचं काम होतं, पाच नंबर, दुपारची वेळ, तुला लगेच उमगलं असतं. तू नाही पाहिलंस. माझा शब्द म्हणून. एवढा चिडलेला होतास तरी नाही पाहिलंस. हे आठवलं की मला अजून जेवण जात नाही.

माझा परवलीचा शब्द होता "बारक्या". त्या आठ दिवसांत रोज सकाळी दुकान उघडून मी पाच नंबरवर बसायची, तो शब्द भरायची, आणि शेवटची टिचकी न मारता उठायची.

काकांनी निरोप माझ्याचकडे दिला. माझ्या तोंडावर. त्यांना काही माहीत नव्हतं, बिचाऱ्यांना. मी मान डोलावून म्हटलं, "देते हं काका."

आता तुझ्या कायद्याचं. मला गेले दहा दिवस हेच पडलंय. तुझा सहा तासांचा नियम असता तर काकांचं दुकान वाचलं असतं, हे मी नाकारणार नाही. ओळख नोंदवायची सक्ती असती तर मी ते लिहिलंच नसतं, तेही खरं. पण नर्सबाईनेही लिहिलं नसतं, आणि त्या सुयांनी कितीजण आजारी पडले असते ते कोण मोजणार? दोन्ही एकाच फळ्यावर घडलं, आपल्या डोळ्यांसमोर. सरकारने मध्ये पडावं की पडू नये, हे माझ्यासारखीने काय सांगावं. पडायचं असेल तर तक्रार कुणी केली, खरी की खोटी, हे आधी तपासणारं कुणीतरी शहाणं माणूस मध्ये असू दे, नुसतं घड्याळ नको. एवढंच मला सुचतं. बाकी तू शिकलेला आहेस.

पण मसुद्यात तू लिहिलंयस, "एका अनोळखी व्यक्तीने टाकलेला मजकूर, जो चालकांना काढता येणे शक्य नव्हते." हे काढ. ती व्यक्ती अनोळखी नव्हती, आणि मजकूर काढणं तिच्या बोटावर होतं. शुक्रवारी तू हीच गोष्ट सगळ्यांसमोर सांगणार, लोक हळहळणार, आणि कायदा त्यावर उभा राहणार. तो चांगला असेल तर माझ्या खोटेपणाचा टेकू नसला तरी उभा राहील. नसेल तर पडू दे. पण माझ्या खोट्यावर नको रे. तू एकोणीस वर्षं त्या एका आठवड्यासाठी राबलास.

मी संघटनेच्या पोरांना नाही कळवलं आहे. तुझ्या बाजूनेही येणार नाही. माझं मीच समितीकडे नाव नोंदवलं आहे. माझी पाच मिनिटं आली की मी हेच सांगणार. सचिवाची बहीण म्हणून पेपरवाले तुलाही धरतील, तुझ्यावर शिंतोडे उडतील, हे मला कळतं. तुला त्या दिवशी रजा घ्यायची असेल तर घे. मी तुला दोष देणार नाही. मला भीती फक्त एकाच गोष्टीची होती, इतकी वर्षं, की हे कळल्यावर तू मला आपली म्हणायचं सोडशील. नियम, नर्सबाई, आई, सगळ्यांच्या आडून मी तेवढंच झाकत होते. आणि गंमत बघ, झाकता झाकता तू गेलासच.

काकूंचा पत्ता त्यांच्या मुलीकडून मिळाला. त्या आता चौऱ्याहत्तर वर्षांच्या आहेत, दिसतं बरं, वाचता येतं. त्यांना सगळं लिहिलं, आणि पत्र परवाच पोस्टात टाकलं. तुझ्या आधी. हे तुझ्या हातात पडेल तेव्हा त्यांचं वाचून झालेलं असेल, म्हणजे तू मला थांबवायला फोन केलास तरी उपयोग नाही. त्यांचं उत्तर येईल की नाही देव जाणे. त्यांनी शिव्या दिल्या तर त्या सुनावणीत वाचून दाखवीन.

भाचीला हे पत्र वाचायला दे. आत्याबद्दल तिला पेपरातून कळायला नको.

खाली "तुझी" लिहिलेलं नाही. विसरले नाही. तो शब्द घालायचा की नाही, ते आता तुझ्या हातात आहे.

ताई